पॉजचं बटण आणि पुढचं वाक्य: प्राथमिक वर्गातल्या लेखनासाठी व्हिडिओ

वर्गात व्हिडिओ लावला की पोरं चिडीचूप बसतात. तो संपल्यावर ‘आता यावर गोष्ट लिहा’ म्हटलं की वीस मिनिटांनी वहीत उतरतं ते साधारण असं: ‘एक मुलगा होता. तो झोपला होता. मग तो उठला. मग त्याने दार उघडले. मग त्याला कुत्रा दिसला. मग तो घाबरला.’ वास्तविक त्या मुलांना याहून कितीतरी जास्त दिसलेलं असतं. कडीवर हात थबकला होता, कुत्र्याचा एक कान लोंबत होता, बाहेर अजून उजाडलंही नव्हतं. हे सगळं पाहिलेलं असतं, आणि लिहिताना नेमकं तेच सांडतं.

कारण साधं आहे. व्हिडिओ पुढे पळतो, आणि मनाला पुढे काय होणार याचीच ओढ असते. त्यामुळे लक्षात राहतो तो घटनांचा क्रम, आणि क्रम सांगायला ‘मग’ पुरतो. म्हणून लेखनासाठी व्हिडिओ वापरताना सगळ्यात महत्त्वाचं बटण पॉजचं. एका मिनिटाच्या तुकड्यावर अख्खा तास घालवता आला पाहिजे. तास संपला आणि व्हिडिओ शेवटपर्यंत गेलाच नाही, तर काही बिघडत नाही. उलट बऱ्याचदा ते चांगलंच असतं.

पुढचं सगळं आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना धरून लिहिलं आहे. त्याहून लहानांसाठी काय बदलायचं ते ओघात येईलच.

तुकडा कसा निवडायचा

चाळीस सेकंद ते दोन मिनिटं. संवाद नसलेला, किंवा अगदी दोन-चार शब्दांचा. एक किंवा दोनच पात्रं, एकच जागा, आणि त्या वेळात एक गोष्ट बदललेली असली पाहिजे: काहीतरी हरवलं, सापडलं, मोडलं, कुणीतरी आलं. संवाद जास्त असले की मुलं तेच अवतरणचिन्हात उतरवून मोकळी होतात. पात्रं चारपेक्षा जास्त असली की अर्धा वेळ ‘तो म्हणजे कोण’ यात जातो. आणि मुलांनी शंभरदा पाहिलेला लोकप्रिय कार्टूनचा भाग अजिबात नको. त्याची गोष्ट त्यांना पाठ असते, त्यामुळे बघायचं काही उरतच नाही.

तुकडा आधी संगणकावर उतरवून ठेवलेला बरा. वर्गात इंटरनेट अडखळलं की मुलांचं लक्ष उडतं ते परत येत नाही, आणि मध्येच जाहिरात लागली तर तयार केलेलं वातावरण तिथेच संपतं. व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘ई’ हे बटण दाबलं की चित्र एकेक फ्रेम पुढे सरकतं, आणि चौकोनी कंसाच्या दोन बटणांनी वेग कमी-जास्त होतो. यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविराम आणि स्वल्पविराम ही बटणं वापरली तर तसंच एकेक फ्रेम पुढे-मागे जाता येतं. घरी एकदा बसून नेमकं कुठे थांबायचं ते मिनिट-सेकंदासकट कागदावर लिहून ठेवा. वर्गात अंदाजाने थांबवलं तर हमखास दोन सेकंद पुढे जातं, आणि ज्या क्षणाआधी थांबायचं होतं तो दिसून जातो.

थांबायची जागा नेहमी परिणामाच्या आधीची. हात कडीवर आहे, दार उघडलेलं नाही. पेटीचं झाकण उचललं आहे, आत काय ते दिसलेलं नाही. इथे थांबलात तर मुलं काय झालं ते सांगत नाहीत, काय होत आहे ते सांगतात. भाषेत हा फरक लगेच ऐकू येतो: ‘उघडलं’ऐवजी ‘उघडतोय’, ‘घाबरला’ऐवजी ‘हात हलत नाहीये’.

आधी कान, मग डोळे

पहिल्यांदा व्हिडिओ दाखवूच नका, ऐकवा. प्रोजेक्टरच्या भिंगापुढे पुठ्ठा धरा किंवा पडदा झाका. तीस सेकंद पुरे. मुलांनी वहीचं पान दोन भागांत विभागायचं: डावीकडे ऐकू आलेला आवाज, उजवीकडे तो कशाचा असावा. तीनदा ऐकवायचं, प्रत्येक वेळी एक मिनिट शांतता. पहिल्या खेपेला चार-पाच आवाज लिहिले जातात, तिसऱ्या खेपेला बऱ्याच जणांच्या यादीत त्याच्या दुप्पट असतात, कारण तोवर कान मोठे आवाज सोडून बारके आवाज पकडायला लागतात.

इथे मराठी आपल्या मदतीला धावून येते. आवाजांच्या शब्दांची आपल्याकडे श्रीमंती आहे आणि प्राथमिक शाळेतल्या मुलांना ती घरूनच मिळालेली असते; वहीत मात्र ती कधी येत नाही, कारण ‘हे शुद्ध नाही’ असं त्यांना वाटतं. एका दाराचंच घ्या. दार करकरतं, कुरकुरतं, धाडकन आपटतं, खट् करून बसतं. माणूस ते ढकलतो, लोटतो, ओढून घेतो, नुसतं किलकिलं करतो. कागद सळसळतो, फडफडतो, टर्रकन फाटतो. पाणी टपटपतं, खळखळतं, त्यात काही पडलं तर डुबुक् होतं. हे शब्द मुलांच्या तोंडून येऊ द्या आणि फळ्यावर लिहा. ‘त्याने दार उघडले’ या वाक्यातला ‘उघडले’ पुसून त्या जागी फळ्यावरचा एकेक शब्द ठेवून बघायला सांगा. ‘त्याने दार लोटले’ आणि ‘त्याने दार किलकिले केले’ या दोन वाक्यांत दोन वेगळी माणसं उभी आहेत हे नऊ वर्षांच्या मुलालाही चटकन कळतं. विशेषणं वाढवण्यापेक्षा क्रियापद बदलणं किती कामाचं आहे, ते अशा वेळी समजावून सांगावं लागत नाही.

दुसरी पायरी आवाज बंद करून चित्र. इथे बऱ्याचदा मजा होते, कारण कानांनी रचलेली गोष्ट वेगळी आणि डोळ्यांपुढची वेगळी निघते. कानांची गोष्ट चुकीची ठरवू नका. ज्याला ती जास्त आवडली त्यानं तीच लिहावी. तिसरी पायरी दोन्ही एकत्र, आणि तीही थांबत थांबत.

आवाज स्वतः तयार करायला दिले तर आणखी चांगलं. सिनेमात पावलांचे, कपड्यांचे, वस्तूंचे आवाज नंतर स्टुडिओत बसून करतात. १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून हॉलिवूडमध्ये हे काम करणाऱ्या जॅक फोली यांच्या नावावरून त्याला ‘फोली’च म्हणतात. चुरगळलेला सेलोफेन कागद माइकजवळ धरला की आगीचा तडतडाट होतो, नारळाच्या दोन करवंट्या आपटल्या की घोडा धावतो. मूकपट केलेल्या तीस सेकंदांना चार मुलांच्या गटानं आवाज द्यायचे, आणि त्यासाठी आधी आवाजांची लेखी यादी करायची. ही यादीच गोष्टीचा पहिला कच्चा मसुदा ठरते.

शॉट आणि वाक्य

कॅमेऱ्याची भाषा मुलांना तीनच शब्दांत द्या: लांबचा शॉट, मधला शॉट, क्लोजअप. लांबच्या शॉटमध्ये जागा दिसते, मधल्या शॉटमध्ये माणूस काय करतो ते, क्लोजअपमध्ये एखादाच तपशील. पॅन, टिल्ट, झूम, डॉली हे सगळं नंतर किंवा कधीच नाही. नावं पाठ करण्यात तास गेला तर लिहायचं राहून जातं.

थांबवलेल्या चित्रावर तिन्ही प्रकारचं एकेक वाक्य लिहायला सांगा. समजा, चित्रात एक मुलगा अंधाऱ्या खोलीच्या दाराशी उभा आहे. लांबचं वाक्य: ‘घरात कुठेच दिवा नव्हता.’ मधलं: ‘अनिकेत दारापर्यंत आला आणि थांबला.’ क्लोजअप: ‘कडी गार होती, बोटं तिच्यावर तशीच राहिली.’ आता ही तीन वाक्यं तीन चिठ्ठ्यांवर लिहून क्रम बदलायचा. क्लोजअप आधी ठेवलं तर वाचणाऱ्याला प्रश्न पडतो: कसली कडी, कुणाची बोटं? लांबचं शेवटी ठेवलं तर अंधार शेवटी येऊन बसतो. तीच तीन वाक्यं, पण गोष्ट सहा प्रकारे सुरू होते. हे एका वहीत ओळीनं लिहून कळत नाही, चिठ्ठ्या हातात घेऊन सरकवल्यावर कळतं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे मुलं ‘क्लोजअपमध्ये एक डोळा दिसतो’ असं लिहितात, म्हणजे गोष्ट सोडून पडद्याचं वर्णन. हा गोंधळ स्वाभाविक आहे, त्यावर ओरडू नका. ‘कॅमेरा’, ‘दिसतो’, ‘व्हिडिओमध्ये’ हे तीन शब्द त्या दिवशी वहीत बंद, एवढं सांगितलं की भागतं.

दुसरी गोष्ट, एका वाक्यात फार क्लोजअप कोंबू नयेत. तपशील लिहिता येतात हे कळलं की हुशार मुलं प्रत्येक वस्तूचा रंग, आकार, डाग सगळं लिहून काढतात आणि गोष्ट हलेनाशी होते. एका परिच्छेदाला एकच क्लोजअप, असा नियम महिनाभर ठेवून बघा.

चेहरा काही बोलत नसतो

मला स्वतःला सर्वांत प्रिय असलेला प्रयोग शंभर वर्षं जुना आहे. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी १९२०च्या आसपास एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि त्याच्या शेजारी वेगवेगळे शॉट जोडले: सूपचा वाडगा, शवपेटी, एक स्त्री. चेहरा तोच होता, पण बघणाऱ्यांना त्यात कधी भूक, कधी दुःख, कधी ओढ दिसली.

वर्गात हे अर्ध्या तासात होतं. एका मुलाचा किंवा मुलीचा चेहरा पाच सेकंद. हसू आवरत नाही ही मोठी अडचण. कॅमेऱ्यामागच्या भिंतीवर वेळापत्रक लावा आणि ते मनातल्या मनात वाचायला सांगा, चेहरा आपोआप कोरा होतो. मग पाच-पाच सेकंदांचे तीन शॉट: एक रिकामी खुर्ची, एकच बूट, आतून बंद असलेलं दार. चेहरा, वस्तू, परत चेहरा, अशा तीन पंधरा सेकंदांच्या पट्ट्या जोडायच्या. वर्गाचे तीन गट करून प्रत्येक गटाला एकच पट्टी दाखवायची, बाकीच्यांनी पाठ करून बसायचं. मग प्रत्येकानं तीन वाक्यं लिहायची. अट एकच: ‘दुःखी’, ‘आनंदी’, ‘राग’, ‘भीती’ आणि त्यांचे भाऊबंद वापरायचे नाहीत.

सगळ्यांनी वाचून दाखवल्यावर तिन्ही पट्ट्या सगळ्यांना दाखवा. चेहरा एकच होता हे कळल्यावर वर्गात जो कल्ला होतो तो होऊ द्या. त्यानंतर विचारा, मग ते दुःख आलं कुठून? उत्तर मुलंच देतात: खुर्चीतून. भावनेचं नाव न घेता एखादी वस्तू शेजारी ठेवली तरी वाचणारा भावना स्वतः तयार करतो, ही कथालेखनातली मोठीच गोष्ट आहे आणि ती त्यांनी स्वतःच्या हातानं जोडलेल्या पंधरा सेकंदांत पाहिलेली असते.

पन्नास सेकंद, एक जागा

आता मुलांच्या हाती कॅमेरा. इथेच बहुतेक उपक्रम घसरतात. ‘चला, शॉर्टफिल्म करू’ म्हणून सुरुवात होते. वेशभूषा, तालीम, भांडणं, एडिटिंग यात तीन आठवडे जातात आणि लेखन म्हणून हाती येतं संवादांचं एक पान. आपल्याला चित्रपट करायचा नाही, लेखन करायचं आहे, हे शिक्षकानं स्वतःलाच पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

यावर उत्तम उपाय म्हणजे सिनेमाच्या जन्माकडे परत जायचं. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्रँड कॅफेत ल्यूमिएर बंधूंनी जे दहा चित्रपट दाखवले ते प्रत्येकी जेमतेम पन्नास सेकंदांचे होते. फिल्मची पट्टी सतरा मीटरच्या आसपास असायची आणि सेकंदाला साधारण सोळा चित्रं या वेगानं ती हातानं फिरवावी लागे. पट्टी संपली की चित्रपट संपला. मुलांना हाच नियम द्या: कॅमेरा एका जागी ठेवायचा, हलवायचा नाही, झूम नाही, कट नाही, पन्नास सेकंद झाले की बंद. एवढ्या बंधनात एकच निर्णय उरतो, कॅमेरा कुठे ठेवायचा. आणि तोच लेखकाचाही पहिला निर्णय असतो.

चार मुलांचा गट, गटाला एक मोबाइल किंवा टॅब. एक कॅमेऱ्याजवळ, दोन कॅमेऱ्यासमोर, एक वही घेऊन नोंदी करणारा. नोंदीवाल्याचं काम सर्वांत महत्त्वाचं आहे हे आधीच जाहीर करा, नाहीतर ते काम कुणालाच नको असतं. कॅमेऱ्यात न येणारं तो टिपतो: वास, गारवा, बाजूच्या वर्गातला आवाज, कुणाच्या पायाला मुंग्या आल्या ते. प्रत्येक गटाला तीन प्रयत्न. तीनच का, तर पहिला नेहमी फसतो, दुसऱ्यात काय फसलं ते कळतं, तिसरा बरा येतो; चौथ्यापासून मुलं कंटाळून चाळे करायला लागतात.

तांत्रिक बाबी थोडक्यात सांगतो, कारण चुका ठरलेल्या आहेत. भिंग कापडानं पुसा. लहान मुलांच्या बोटांचे ठसे हे धूसर चित्राचं पहिलं कारण. मोबाइल आडवा. फ्लाइट मोड चालू, म्हणजे मध्येच फोन येऊन रेकॉर्डिंग थांबणार नाही. ट्रायपॉड नसला तर पुस्तकांच्या चळतीला टेकवा आणि पुढून धान्याची छोटी पिशवी लावा, सरकत नाही. खिडकी मुलांच्या पाठीमागे आली तर चेहरे काळे पडतात; खिडकी कॅमेऱ्याच्या पाठीमागे हवी. पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट दाबून धरलं की बहुतेक मोबाइलमध्ये फोकस आणि उजेड तिथेच पक्का होतो, मग कुणी मध्ये आलं तरी चित्र गडद-फिकट होत नाही. पंखा बंद. मोबाइलचा माइक बोलणाऱ्यापासून मीटरभराच्या आत असेल तरच शब्द नीट येतात. लांबून शूट करायचं असेल तर दुसरा मोबाइल आवाजासाठी जवळ लपवा आणि सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवा, नंतर दोन्ही जुळवताना ती टाळीच खूण होते. रेकॉर्ड दाबल्यावर मनात तीन मोजून मग सुरू करायचं, संपल्यावरही तीन मोजायचे. हे केलं नाही की पहिला शब्द हमखास कापला जातो. ‘७२० पी’ दर्जा पुष्कळ झाला. ‘१०८० पी’ला मोबाइलप्रमाणे मिनिटाला ६० ते १३० एमबी जागा लागते, आणि आठ गटांचे तीन-तीन प्रयत्न झाले की जागा संपल्याचा संदेश नेमका शेवटच्या गटाला येतो.

कॅमेऱ्याची उंची बदलून तोच प्रसंग पुन्हा घेतला तर निवेदकाचा प्रश्न सुटतो. जमिनीला टेकलेला कॅमेरा, टेबलाएवढा कॅमेरा, पात्राच्या खांद्यामागचा कॅमेरा. ‘मी’ लिहिणारा कुठे उभा असतो आणि ‘तो’ लिहिणारा कुठे, हे व्याकरणातून समजावताना घाम फुटतो. कॅमेरा खांद्यामागे ठेवून ‘याला स्वतःचा चेहरा दिसेल का?’ एवढं विचारलं की ‘माझे डोळे चमकले’ असं वाक्य लिहिताना मुलं थबकतात.

निवेदन: खरं लेखन इथे होतं

पन्नास सेकंदांच्या मूक चित्रावर स्वतः लिहिलेलं निवेदन वाचायचं, ही माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत उपयोगी पायरी. वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, पण ही करा.

आधी शब्दांचा हिशोब. मुलाला एक मिनिट मोठ्यानं, सावकाश वाचायला लावा आणि शब्द मोजा. समजा पंच्याहत्तर झाले, तर पन्नास सेकंदांत साधारण बासष्ट बसतात. श्वासाला, शांततेला जागा हवी म्हणून पन्नासच द्या. आता हे पन्नास शब्द कुठे खर्च करायचे याचा विचार करणं भाग पडतं.

समजा, चित्रात एक मुलगी खिडकीशी बसून निळी पेटी उघडते आणि आतून किल्ली काढते. पहिला मसुदा असा येतो: ‘एक मुलगी खिडकीजवळ बसली होती. तिच्या हातात निळी पेटी होती. तिने पेटी उघडली. पेटीत किल्ली होती. तिने किल्ली हातात घेतली.’ हे चित्रावर वाचून दाखवा आणि वर्गाला विचारा, यातलं आपल्याला आधीच काय दिसतंय? सगळंच. मग दिसतं ते खोडायचं. पान कोरं होतं, लिहिणारी मुलगी गोंधळते, आणि नेमक्या याच वेळी विचारायचं: जे दिसत नाही ते काय आहे? वास, स्पर्श, आठवण, मनातलं बोलणं, कालचं, उद्याचं.

दुसरा मसुदा मग या वळणाचा होतो: ‘आजी म्हणायची, रिकामी आहे. पण हलवली की आत काहीतरी वाजायचं. म्हणून मी रोज हलवायचे. ही एवढीशी किल्ली! गंजाचा वास बोटांना लागला. हिचं कुलूप कुठे असेल?’

यात आजी आली, काल आला, वास आला, प्रश्न आला. यातलं एकही चित्रात नव्हतं.

पण काम इथे थांबवलं तर अर्धवट राहतं. हा मजकूर चित्राच्या आधारावर उभा आहे. वहीत नुसता वाचला तर पेटीच कुठे नाही. म्हणून तिसरा मसुदा पडदा बंद करून, ज्यानं व्हिडिओ पाहिलेला नाही अशा वाचकासाठी: ‘खिडकीशी उजेड होता म्हणून मी तिथे बसले. निळ्या पेटीचं झाकण आधी अडलं, मग एकदम उघडलं. आजी म्हणायची, रिकामी आहे. पण हलवली की आत काहीतरी वाजायचं…’ दिसणारं परत आलं, पण पहिल्यासारखं यादी होऊन आलं नाही. झाकण अडलं हे तिला आठवलं, कारण शूटिंगच्या वेळी ते खरोखर अडलं होतं आणि नोंदीवाल्यानं ते टिपलं होतं.

एकच मजकूर तीनदा लिहायला मुलं सहसा तयार नसतात. ‘पुन्हा नीट लिहा’ हे त्यांना शिक्षेसारखं वाटतं. इथे मात्र प्रत्येक वेळी लिहिण्याचं कारण वेगळं आहे, ऐकणारा-वाचणारा वेगळा आहे. त्यामुळे कुरकुर कमी होते.

पार्श्वसंगीताला या सगळ्यात बंदी. तिसरा मसुदा होईपर्यंत तरी. उदास सूर लावला की वाक्य उदास करायची गरजच उरत नाही, आणि मुलं ते काम आनंदानं संगीताकडे सोपवतात. फिल्टर, चमकणारी अक्षरं, उडत येणारे ट्रान्झिशन यांचंही तेच. एडिटिंगमध्ये दोनच कामं शिकवा: कापणं आणि जोडणं. मोबाइलमधलं साधं ट्रिम पुरतं, संगणकावर शॉटकट किंवा ओपनशॉट मोफत मिळतं.

सहा चौकोन, आणि ‘मग’ला पर्याय

थोडी मोठी गोष्ट करायची असेल तर सहा चौकोनांचा स्टोरीबोर्ड. बारा नकोत, शूट होता होत नाहीत. सहा वेगळ्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर काडीचित्र आणि खाली एकच वाक्य. पाचवी चिठ्ठी पहिल्या जागी आणून ठेवली की गोष्ट मधूनच सुरू होते, आणि मग ‘त्याच्या आदल्या दिवशी’सारखा शब्द लागतोच. चिठ्ठ्यांच्या मधल्या फटीत काय घडलं हे वाचकाला कसं सांगायचं, ते शोधायला लावा: ‘तेवढ्यात’, ‘इकडे’, ‘सकाळ झाली तेव्हा’, किंवा काहीच न सांगता नवा परिच्छेद. व्हिडिओतला कट म्हणजे वहीतला परिच्छेद, ही तुलना मुलांना फार लवकर पटते.

स्टॉप मोशनचा, म्हणजे वस्तू जराजरा हलवत एकेक फोटो काढून ते सलग दाखवण्याचा, मोह शाळांना फार होतो, म्हणून हिशोब सांगून ठेवतो. सेकंदाला आठ चित्रं धरली तरी वीस सेकंदांना १६० चित्रं लागतात. एकाला दहा सेकंद लागले तरी सत्तावीस मिनिटं, आणि हे सगळं सुरळीत चाललं तर. हात चौकटीत राहतो, टेबलाला धक्का लागतो, ढग आला की चित्र लुकलुकतं. त्यामुळे सबंध गोष्ट करू नका, एकच क्रिया करा: कागदाचा प्राणी मान वळवतो, थबकतो, मागे सरकतो. मान सेंटीमीटर सेंटीमीटरने हातानं वळवलेलं मूल ‘तो वळला’ इतकंच लिहून थांबत नाही.

सहा-सात वर्षांच्या मुलांना यातलं कानांचं काम आणि पन्नास सेकंदांचं चित्रीकरण सहज जमतं. लिहायला तीन वाक्यं पुरेत. लिहिताना ज्यांचा हात अडतो त्यांनी गोष्ट आधी बोलून रेकॉर्ड करावी आणि नंतर अर्ध्या वेगानं लावून चार-चार शब्द स्वतः उतरवावेत. त्यांच्याऐवजी मोठ्या माणसानं लिहून देऊ नये. स्वतःचंच बोलणं उतरवताना वाक्य कुठे संपतं हे त्यांना ऐकू येतं, आणि पूर्णविराम योग्य जागी पडायला लागतो.

पालकांची लेखी परवानगी कॅमेरा काढायच्या आधी. ज्यांची नसेल त्यांना बाहेर बसवू नका. हात, पाठ, सावली, बाहुली यांवरही पन्नास सेकंद छान होतात. शिक्षकाच्या खासगी फोनवर फाइली ठेवू नयेत, समाजमाध्यमांवर टाकू नयेत, आणि त्या कधी पुसायच्या ती तारीख आधीच ठरवून वर्गात लिहावी.

मोजायचं असेल तर व्हिडिओ मोजू नका. उपक्रमाच्या आधी लिहिलेलं एक पान जपून ठेवा आणि नंतरच्या पानाशेजारी ठेवा: ‘मग’ किती, वेगळी क्रियापदं किती, न दिसणाऱ्या गोष्टींची वाक्यं किती. मुलांनाच रंगीत पेन्सिल देऊन स्वतःच्या पानावर खुणा करू द्या.

शेवटच्या तासाला तिसरा मसुदा दुसऱ्या वर्गातल्या मुलाच्या हाती द्यायचा. त्यानं व्हिडिओ पाहिलेला नाही. त्यानं मजकूर वाचून कॅमेऱ्यातून काय दिसलं असेल ते एका चौकोनात काढायचं. मग लेखिकेनं ते चित्र आणि थांबवलेला व्हिडिओ शेजारी ठेवून बघायचं. चित्रातली खिडकी उजवीकडे आली, तर त्यानं काही बिघडत नाही. पण मुलगी उभी काढली असेल, पेटी तिच्याहून मोठी काढली असेल, तर ती न बोलता वही ओढून घेते आणि कुठेतरी दोन शब्द घालते: ‘मांडीवरची निळी पेटी’.